कृष्ण अष्टमी ते अमावास्या : अंदमानच्या पाण्यात

अंदमानला जायचं ठरलं की आपल्याकडे आधी विमानाची तिकिटं निघतात, मग हॉटेलं ठरतात आणि कुठल्या दिवशी कुठलं बेट ते सहल कंपनी कळवते. या सगळ्याच्या आधी एक काम करावं, असं मी निघालेल्या प्रत्येकाला आवर्जून सांगते: भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिथी बघावी. नोव्हेंबर ते एप्रिल हा अंदमानचा चांगला हंगाम. त्यातल्या कुठल्याही महिन्यातली कृष्ण अष्टमी धरावी आणि तिथून अमावास्येपर्यंतचा आठवडा मोकळा ठेवावा.

कारण साधं आहे. अष्टमीच्या सुमाराला समुद्राला भांग असते. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही, प्रवाहाला जोर नसतो, त्यामुळे तळाची वाळू ढवळली जात नाही आणि पाणी नितळ राहतं. पाण्याखाली उतरायचं तर हे दिवस उत्तम. अमावास्येला उधाण येतं. ओहोटीचं पाणी इतकं मागे जातं की एरवी बुडालेले प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर साचलेली डबकी पायी फिरून पाहता येतात. शिवाय कृष्ण पक्षात चंद्र उशिरा उगवतो, म्हणून संध्याकाळी काळोख गडद असतो आणि पाण्यातला उजेड दिसतो. त्याबद्दल पुढे येईलच. पौर्णिमेच्या चांदण्यात अंदमान फार देखणं दिसतं, यात वाद नाही, पण ज्याला समुद्राच्या पोटात काय आहे ते पाहायचंय त्याने वद्य पक्षच गाठावा.

कोकणातल्या, मुंबईतल्या समुद्रकाठच्या माणसाला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित अंदमानात जसंच्या तसं लागू पडत नाही. प्रत्येक बंदराचं भरतीचं वेळापत्रक त्याचं स्वतःचं असतं, म्हणून पोर्ट ब्लेअरचा तक्ता वेगळा पाहावा लागतो. पाणी वरखाली होण्याचं मापही निराळं आहे. मुंबईत उधाणाला ते चार-साडेचार मीटरपर्यंत जातं, अंदमानात दोन मीटरच्या आसपास. पण तिथला प्रवाळाचा पट्टा किनाऱ्यालगत उथळ आणि सपाट पसरलेला आहे, त्यामुळे तेवढ्या उतारानेही बराच मोठा भाग उघडा पडतो.

म्यानमारमधली आराकान पर्वतरांग समुद्रात उतरते आणि पाण्याखालून दक्षिणेकडे जात राहते. तिची पाण्यावर राहिलेली शिखरं म्हणजे ही बेटं. अंदमान आणि निकोबार मिळून लहानमोठी पाचशेहून अधिक बेटं आहेत. माणसांची वस्ती त्यातल्या चाळीसेक बेटांवरही नाही आणि एकूण 8,249 चौरस किलोमीटर जमिनीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त जंगलाखाली आहे. विमान उतरायला लागलं की खिडकीतून हेच दिसतं: हिरवं रान थेट पाण्यापर्यंत आलेलं, त्याला लागून फिकट निळ्या उथळ पाण्याची कड आणि पुढे एकदम गडद निळा खोल समुद्र. ती फिकट कड म्हणजे प्रवाळ. सगळी सहल या कडेवरच घडते.

चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत विमान वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर पोचतं. शहराचं अधिकृत नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजय पुरम झालंय, पण रिक्षावाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे. मराठी माणूस इथे आला की त्याचे पाय आधी सेल्युलर जेलकडे वळतात आणि ते वळावेतच. 1906 मध्ये बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात लांबलचक इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 या काळात इथे होते, त्यांचे थोरले भाऊ बाबारावही होते. तिथे निदान अर्धा दिवस द्यावा आणि घाई करू नये. इथे मात्र मी पाण्याबद्दलच लिहिणार आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडून घ्यावी लागते. घड्याळ आपलंच असतं, सूर्य मात्र आपला नसतो. मुंबईपेक्षा अंदमान वीस अंश पूर्वेला आहे, म्हणजे उजाडतं सुमारे ऐंशी मिनिटं आधी. पाच-साडेपाचला लख्ख होतं आणि संध्याकाळी साडेपाच वाजता दिवस संपलेला असतो. उशिरा उठून, पोटभर नाश्ता करून दहाला बाहेर पडणाऱ्याच्या हातात फार थोडा दिवस उरतो. पाण्यातली सगळी कामं सकाळची, वारा सुटायच्या आधीची.

शहराच्या नैऋत्येला पंचवीस-तीस किलोमीटरवर वंडूर आहे. 1983 साली स्थापन झालेलं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान इथून सुरू होतं: पंधरा बेटं आणि त्यांच्यामधला समुद्र, एकूण 281 चौरस किलोमीटर. त्यातलं जॉली बॉय नावाचं बेट थंडी-उन्हाळ्यात पर्यटकांना खुलं असतं आणि पावसाळ्याच्या बाजूच्या महिन्यांत त्याला विश्रांती देऊन रेड स्किन हे दुसरं बेट उघडतात. बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासतात. प्लास्टिकची बाटली, वेफरचं पाकीट, साधी कॅरीबॅगसुद्धा आत जात नाही. पाणी न्यायला भांडी भाड्याने मिळतात. काही लोक तिथे हुज्जत घालत होते. मला मात्र तो काटेकोरपणा फार आवडला. आपल्याकडच्या एखाद्या तरी किनाऱ्यावर अशी तपासणी सुरू व्हावी, असं मनापासून वाटलं.

जॉली बॉयला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवतात. ज्यांना पाण्यात उतरता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच, पण ज्यांना उतरता येतं त्यांनी स्नॉर्केल लावून पाण्यावर पालथं पडावं. लाइफ जॅकेट अंगात असतं, पोहता आलं नाही तरी चालतं. श्वास तोंडाने घ्यायचा, घाई करायची नाही. दोन मिनिटांत छातीतली धडधड शांत होते आणि मग खाली काय चाललंय ते दिसू लागतं.

प्रवाळाला लोक दगड समजतात, काही जण वनस्पती. तो प्राणी आहे, खरं तर लाखो प्राण्यांची वसाहत. टाचणीच्या डोक्याएवढा एकेक मऊ जीव आपल्याभोवती चुन्याचं घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. प्रवाळाचा रंग म्हणजे मुख्यतः या शैवालाचा रंग. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. अंदमानात 2010 च्या उन्हाळ्यात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं, 2016 मध्ये पुन्हा झालं. शिंगांसारख्या फांद्या फुटलेला प्रवाळ वर्षाला काही सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे तो त्यातल्या त्यात लवकर सावरतो. गोल, मेंदूसारख्या वळ्यांचा प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढला तरी पुष्कळ. कमरेएवढा तसा गोळा दिसला तर तो आपल्या आजोबांच्याही आधीचा असू शकतो. मोडलेल्या फांद्यांचा राखाडी खच आणि त्याच खचातून वर आलेले बोटभर उंचीचे जांभळट नवे कोंब मी एकाच जागी पाहिले. पाण्यात स्थिर राहायला जरा आधार हवा म्हणून लोक पाय टेकतात ते नेमके अशाच कोंबांवर. उभं राहायचं असेल तर वाळू शोधावी.

पोर्ट ब्लेअरहून बोटीने दीड-दोन तास गेलं की स्वराज द्वीप लागतं. 2018 पर्यंत याचं नाव हॅवलॉक होतं आणि बोलण्यात अजूनही तेच आहे. राधानगरचा किनारा सगळ्यांना ठाऊक असतो: लांब, रुंद, मऊ पांढऱ्या वाळूचा, मागे उंच झाडांची भिंत. 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. सूर्यास्ताला तिथे जावं आणि वाळू मुठीत घेऊन पाहावी. आपल्या किनाऱ्यावरची वाळू बहुतेक दगडाची असते, इथली बरीचशी जीवांची, म्हणजे प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा. पॅरटफिश नावाचा मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातो, चुना पोटात दळतो आणि पांढरी धूळ मागे सोडतो. पाण्याखाली डोकं घातलं की त्याच्या कुरतडण्याचा कट्कट् आवाज स्पष्ट ऐकू येतो. अशा किनाऱ्यांच्या वाळूत या माशांचा मोठा वाटा असतो.

स्कूबा डायव्हिंग करायचं तर स्वराज द्वीपवरच करावं. किनाऱ्याजवळच्या नीमो रीफसारख्या जागी नवख्यांना नेतात. पोहता येण्याची अट नसते, वय मात्र किमान दहा वर्षं लागतं. आधी प्रकृतीचा अर्ज भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास यातलं काही असेल तर लपवू नये. नंतर उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला, मुखपट्टीत शिरलेलं पाणी फुंकून बाहेर टाकायला आणि खुणा करायला शिकवतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, ‘छान’ असा नाही. छान म्हणायला तर्जनी आणि अंगठा जुळवायचा.

खरी कसोटी कानांची असते. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, पण कान दुखायला दीड-दोन मीटर पुरतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची. कानात बारीक ‘टक्’ होतं आणि दुखणं जातं. मग थोडं खाली, पुन्हा नाक, पुन्हा टक्. माझ्यासोबत उतरलेला प्रशिक्षक दर हातभर अंतरावर थांबत होता, माझ्या डोळ्यांत बघत होता आणि मी खूण केल्याशिवाय पुढे सरकत नव्हता. असा माणूस मिळणं ही या खेळातली सगळ्यात मोठी सुरक्षितता. म्हणून स्वस्त-महाग बघण्याआधी विचारावं की एका प्रशिक्षकामागे किती जण उतरवता. पहिल्या वेळी उत्तर ‘एक’ असंच यायला हवं.

माझ्या प्रशिक्षकाच्या मनगटाला लाल पट्टी होती. खाली जाता जाता ती विटकरी झाली, मग काळपट तपकिरी. पाणी प्रकाशातला तांबडा रंग सगळ्यात आधी पिऊन टाकतं. त्याने विजेरी पेटवून पट्टीवर धरली तेव्हा ती एकदम लालभडक झाली, आणि तीच विजेरी शेजारच्या मळकट खडकावर फिरवली तर तिथे शेंदरी, गुलाबी, किरमिजी अशी रंगांची गर्दी उघडी पडली. त्याच खडकाच्या आडोशाला समुद्रफुलाच्या हलत्या बोटांमध्ये केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश होते. समुद्रफुलाचा डंख इतर माशांना बाधतो, यांना नाही, म्हणून ते त्याचंच घर करून राहतात. त्या घरात सगळ्यात मोठी असते ती मादी. ती गेली तर तिच्या खालोखालचा नर मादी होतो आणि संसार पुढे चालू राहतो. ती मादी माझ्या मुखपट्टीच्या काचेपर्यंत धावून आली, वीतभर अंतरावर थबकली आणि परत फिरली. बोटाएवढा जीव, पण घर सांभाळायची तिची जिद्द बघून मी दोन्ही हात छातीशी घेतले आणि मागे सरकले.

इथल्याच एलिफंट बीचला बहुतेक सगळे जातात, कारण तिथे पाण्यातले सगळे खेळ एका जागी मिळतात: जेट स्की, बनाना बोट, डोक्यावर काचेचा टोप घालून तळावर चालणं. मुलांना मजा येते आणि येऊ द्यावी. मला तिथे जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते किनाऱ्यावर आडव्या पडलेल्या, पांढऱ्या झालेल्या महाकाय खोडांपाशी. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपाने आणि सुनामीने या बेटांचा नकाशा हलवला. उत्तर अंदमानची जमीन सुमारे मीटरभर वर उचलली गेली आणि तिथले प्रवाळ उघड्यावर येऊन मेले. दक्षिणेकडे जमीन खचली. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाट भागात जिथे भातशेती होती तिथे खारं पाणी शिरलं ते कायमचं. आज तिथे पाणपक्षी उतरतात.

खारफुटीत शिरायला मात्र भरती हवी. ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो आणि कयाक रुतते. भरतीच्या तोंडाला निघालो की पाणीच आपल्याला आत नेतं. वसई, दाभोळ, वेंगुर्ल्याच्या खाड्या पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचे चेहरे भेटतात: कमानदार आधारमुळांवर उभा असलेला कांदळ, चिखलातून मुळांच्या पेन्सिली वर काढलेला तिवर, मुळांवर उड्या मारणाऱ्या निवट्या. फरक आकाराचा आहे. आपल्याकडे कांदळ दोन पुरुष उंच झाला तर मोठा, इथे त्याच्याकडे मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी याच खाड्यांत असतात. म्हणून जिथे धोक्याची पाटी आहे तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही आणि खाडीत वाटाड्याशिवाय जायचं नाही. हे नियम सगळ्यांसाठी आहेत.

अमावास्या जवळ आली की रात्री याच पाण्यात कयाक नेतात. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडेपर्यंत काहीच दिसत नाही. मग वल्हं पाण्यात गेलं की त्याच्याभोवती निळसर उजेड उमलतो आणि वल्हं वर काढलं की विझतो. पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव ढवळले गेले की चमकतात, त्याचा हा उजेड. बोटीखालून मासा पळाला तर त्याची वाट उजळत जाते. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कधी कधी लाटा अशा चमकतात, पण ते लाटेचं ओझरतं चमकणं असतं. इथे हात कोपरापर्यंत बुडवून बोटं हलवली आणि प्रत्येक बोट वेगळं उजळलेलं बघितलं. कॅमेऱ्यात हे नीट येत नाही. फोन किनाऱ्यावर ठेवून गेलं तर डोळे काळोखाला लवकर सरावतात आणि उजेड जास्त दिसतो.

ऐन अमावास्येला मी शहीद द्वीपवर होते. जुनं नाव नील. जेमतेम चौदा चौरस किलोमीटरचं बेट, सायकलवर सहज फिरून होतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या गेल्या. त्यांची तिसरी-चौथी पिढी आज भाजीपाला पिकवते आणि आसपासच्या बेटांना पुरवते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, सुपारी, वांगी, भाताची खाचरं. लक्ष्मणपूरला समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे. बहुतेक प्रवासी गाडीच्या वेळेप्रमाणे येतात, कमानीखाली फोटो काढतात आणि जातात. शहाळी विकणाऱ्या बंगाली काकांना मी भरतीबद्दल विचारलं तर ते म्हणाले, “दीदी, अभी नहीं. पानी उतरने दो, फिर मैं बोलता हूँ.” दीड-दोन तासांनी त्यांनी हाक मारली आणि स्वतः पुढे चालू लागले.

मघाशी जिथे लाटा फुटत होत्या तिथे आता खडकाचं पठार होतं, त्यावर हजारो डबकी. एका परातीएवढ्या डबक्यात काळी समुद्रकाकडी, दोन निळे तारामासे, काचेसारखी कोळंबी आणि खडकात रुतून बसलेला एक मोठा शिंपला होता. त्याचे ओठ मोरपिशी. काकांची सावली त्याच्यावर पडली मात्र, तो मिटला. “छूना नहीं,” ते म्हणाले, “बस बैठो. वो खुलेगा.” आम्ही उकिडवे बसून राहिलो. आधी एक फट, मग मोरपिशी कड, मग पूर्ण उघडा. एवढ्या वेळात मागून फोटो काढणाऱ्यांचे तीन-चार घोळके येऊन गेले, आणि त्यातलं कुणीही त्या डबक्यात डोकावलं नाही. इथे जाड तळाचे बूट हवेत, कारण अर्चिनचे काटे आणि दगडमाशाचा विषारी डंख दोन्ही खडकांत लपलेले असतात. आणि परतताना काहीही उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ बाळगणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा विमानतळावर सामानातून काढून घेतात.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा हमखास असतात. गुहा सुंदर आहेत, खाडीतून तिथे जाणारी वाटही. पण रस्त्याने जायचं तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून, पोलिसांच्या पहाऱ्यातल्या गाड्यांच्या ताफ्यातून जावं लागतं. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी तो वाहतोच आहे. जारवांचे फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं, गाडी थांबवणं या सगळ्याला 1956 च्या नियमावलीनुसार शिक्षा आहे. असं असूनही ताफ्यातल्या कित्येक गाड्यांमध्ये ‘दिसले का?’ हीच चर्चा चालते. माणसं बघायला जंगलात गाड्या नेणं मला मान्य नाही, म्हणून मी त्या रस्त्याने गेले नाही. गुहा बघायच्याच असतील त्यांनी समुद्रमार्गे जाणाऱ्या बोटीची चौकशी करावी.

ज्यांच्याकडे आणखी दिवस आहेत त्यांनी ते उत्तरेला दिगलीपूरसाठी ठेवावेत. तिथे रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत. ओहोटीला एकावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं, भरतीला पट्टा बुडतो. जवळच कालीपूरच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीत कासवं अंडी घालायला येतात. वेळासला आपण ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना पाहतो, कालीपूरला ऑलिव्ह रिडलेबरोबर हिरवं कासव, हॉक्सबिल आणि अजस्र लेदरबॅक अशा चारही जाती येतात. मागे 732 मीटर उंचीचं सॅडल पीक आहे, सगळ्या अंदमानातलं सर्वांत उंच. सकाळी लवकर निघून त्याचा ट्रेक करता येतो.

शेवटी परतीचा हिशेब. पाण्याखाली उतरल्यानंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. त्यामुळे डायव्हिंग आठवड्याच्या सुरुवातीला, भांगेच्या दिवसांतच उरकावं. बेटांवरून पोर्ट ब्लेअरला परतायची बोट विमानाच्या आदल्या दिवशीची घ्यावी, त्याच दिवशीची कधीच नाही. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात आणि तेव्हा कुणाचाच इलाज नसतो. हा राखलेला दिवस बोटी वेळेवर सुटल्या तर रिकामा मिळतो. तो चिडिया टापूला घालवावा: शहरापासून तासाभरावर, झाडांवर पोपटांचे थवे, खाली शांत उपसागर, आणि दिवस मावळायच्या आत पोचलं तर सूर्यास्तही.